उचल, मुकादम आणि बागकामातली वेठबिगारी

माननीय संपादक महोदय,

स.न.वि.वि.

बागांची आखणी, हिरवळ लावणे, झाडांची छाटणी आणि वर्षभराची देखभाल अशी कामे घेणारा एक छोटा व्यवसाय मी चालवतो. अलीकडे आम्हाला काम देणाऱ्या मोठ्या कंपन्या निविदेच्या कागदपत्रांत एक घोषणापत्र जोडतात. ‘आमच्या व्यवसायात किंवा आमच्या पुरवठादारांकडे आधुनिक गुलामगिरीचा कोणताही प्रकार घडत नाही’ अशा आशयाचा मजकूर त्यात आधीच छापलेला असतो आणि आम्ही खाली सही-शिक्का करून तो परत द्यायचा असतो. आमच्यापैकी बहुतेक जण ही सही बाकीच्या सह्यांबरोबर करून टाकतात. आपण खोटे लिहून देत आहोत असे त्यांना वाटत नाही, कारण गुलामगिरी म्हटले की डोळ्यांपुढे साखळदंड येतात आणि आपल्या कामावर साखळदंड कोणी पाहिलेले नसतात. माझे म्हणणे असे आहे की, या सहीला काही अर्थ यायचा असेल तर ती करण्यापूर्वी मालकाने एक गोष्ट स्वतः जाऊन तपासली पाहिजे : आपल्या बागेत खुरपे धरणाऱ्या माणसावर कोणाचे किती देणे आहे आणि ते फिटण्यापूर्वी त्याला काम सोडून जाता येते का.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९३० सालच्या करारात सक्तीच्या मजुरीची जी व्याख्या केली, तिच्यात साखळदंडांचा उल्लेख नाही. कोणत्याही शिक्षेच्या धाकाने करून घेतलेले आणि माणसाने स्वखुशीने न पत्करलेले काम म्हणजे सक्तीची मजुरी, एवढेच ती सांगते. तो धाक मारहाणीचाच असतो असे नाही. थकलेली मजुरी बुडेल, राहती खोली जाईल, गावाकडच्या माणसांना त्रास दिला जाईल, ही भीतीही तेच काम करते. याच संघटनेने अन्य दोन संस्थांबरोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ४ कोटी ९६ लाख माणसे आधुनिक गुलामगिरीत होती. त्यांपैकी २ कोटी ७६ लाख सक्तीच्या मजुरीत आणि उरलेली सक्तीच्या विवाहात. मजुराला कामावर जखडून ठेवण्याचा सर्वांत जास्त आढळलेला मार्ग त्या अहवालात दिला आहे, तो म्हणजे त्याची मजुरी हेतुपुरस्सर अडकवून ठेवणे. सक्तीच्या मजुरीत असलेल्यांपैकी ३६ टक्के लोकांच्या बाबतीत हाच मार्ग वापरला गेला होता.

बागकामात हा धोका इतर अनेक व्यवसायांपेक्षा अधिक का, हे या धंद्याची घडीच सांगते. काम हंगामी असते. लागवडीच्या दिवसांत हात कमी पडतात, एखाद्या मोठ्या इमारतीचे उद्घाटन जवळ आले की लॉन अंथरण्याची घाई होते आणि मधल्या काळात चार माळ्यांत भागते. त्यामुळे कायमची माणसे थोडी ठेवायची आणि लागेल तेव्हा मुकादमाकडून टोळी मागवायची, ही रूढ पद्धत. टोळी कोठून आली, तिला कोणी आणले, ती रात्री कोठे झोपते, हे मालकाला माहीत नसते. त्याला माणशी दर तेवढा माहीत असतो. त्यातून कामे विखुरलेली. कारखान्यात शेकडो लोक एका छपराखाली असतात, तिथे निरीक्षक येऊ शकतो, संघटना उभी राहू शकते. बागेत मात्र दोन-तीन माणसे उंच भिंतीच्या आत दिवसभर असतात आणि दुसऱ्या दिवशी ती वेगळ्याच भिंतीच्या आत असतात. कित्येक रोपवाटिकांमध्ये अख्खे कुटुंब शेडच्या कोपऱ्यात राहते, हजेरी नवऱ्याच्या नावावर लागते आणि पिशव्या भरणे, रोपे हलवणे, तण काढणे ही कामे बायको आणि मुलेही करतात. राहायला जागा दिली, हे उपकार म्हणून सांगितले जाते. काम सुटले की त्याच दिवशी डोक्यावरचे छप्परही जाते, हे कोणी सांगत नाही.

मुकादमाच्या वहीचे एक पान मी जवळून पाहिले आहे. डावीकडे नाव, त्यापुढे गावाहून निघताना दिलेली उचल, मग प्रवासभाडे, किराणा, आजारपणात दिलेले पैसे, हरवलेल्या कात्रीचे पैसे आणि अगदी उजवीकडे त्या महिन्याच्या मजुरीतून वळती केलेली रक्कम. जवळजवळ प्रत्येक ओळीत वळती केलेली रक्कम त्याच महिन्यात नव्याने चढलेल्या रकमेपेक्षा कमी होती. म्हणजे माणूस रोज राबत होता आणि त्याचे देणे वाढत होते. पानावर मजुराची सही किंवा अंगठा कुठेही नव्हता आणि व्याजाचा दरही लिहिलेला नव्हता. त्या पानावर नाव असलेल्या एकाला मी ‘अजून किती फेडायचे राहिले आहे’ असे विचारले, तेव्हा त्याने आधी मुकादमाकडे पाहिले आणि ‘त्यांना माहीत’ एवढेच उत्तर दिले. मुकादम त्याच्याच गावचा होता, नात्यातलाही होता. कोणी कोणाला मारत नव्हते, कोठे कुलूप नव्हते. तरीही आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तीच्या मजुरीची जी अकरा लक्षणे सांगितली आहेत, त्यांतील कर्जात अडकवणे, मजुरी रोखून धरणे आणि माणसाच्या असहायतेचा गैरफायदा घेणे ही तिन्ही त्या एका पानावर दिसत होती.

भारतीय कायदा याबाबत संदिग्ध नाही. वेठबिगारी निर्मूलनाच्या १९७६ सालच्या कायद्याने, माणसाने स्वतः किंवा त्याच्या बापजाद्यांनी घेतलेल्या आगाऊ रकमेच्या बदल्यात त्याला नाममात्र मजुरीवर किंवा मजुरीशिवाय राबवणे, अथवा दुसरीकडे काम शोधण्याचे वा मोकळेपणाने फिरण्याचे स्वातंत्र्य त्याच्याकडून काढून घेणे, ही वेठबिगारी ठरवली आणि असे कर्जच रद्दबातल केले. १९८२ साली दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करायला लावणे हीसुद्धा राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेली सक्तीची मजुरीच होय, कारण भूक आणि दारिद्र्य हीदेखील सक्तीच असते, असे सांगितले. त्या प्रकरणातील एक तपशील आमच्या धंद्यातील प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. ठेकेदार मजुरी थेट मजुरांना न देता मजूर आणणाऱ्या जमादारांच्या हाती देत आणि जमादार रोज माणशी एक रुपया आपली दलाली म्हणून कापून उरलेले पैसे मजुरांना देत. त्यामुळे कागदावर पूर्ण दिसणारे किमान वेतन मजुराच्या हातात पूर्ण पडतच नव्हते. आज मुकादमाच्या खात्यात एकगठ्ठा रक्कम जमा करून ‘आम्ही तर किमान वेतनापेक्षा जास्त दर देतो’ म्हणणारा बागकाम ठेकेदार त्याच जागी उभा आहे.

इथे माझे सहव्यावसायिक एक आक्षेप घेतात आणि तो बिनबुडाचा नाही. उचल बंद केली तर माणसे येणारच नाहीत, कारण उचल ही त्यांची गरज आहे. घरचे आजारपण, लग्न, पेरणी, मुलांच्या शाळेची फी यांसाठी त्यांना दुसरे कोणी कर्ज देत नाही, असे ते म्हणतात. हे खरे आहे. म्हणूनच उचल बंद करा असे मी म्हणत नाही. आगाऊ रक्कम देणे हा गुन्हा नाही. ती रक्कम माणसाला जाऊ देत नाही तेव्हा ती वेठबिगारीची दोरी होते. त्यामुळे उचल द्यायचीच असेल तर ती मुकादमाने न देता व्यवसायाने द्यावी, तिच्यावर व्याज नसावे, ती काही आठवड्यांच्या मजुरीत फिटेल एवढीच असावी, महिन्याला ठरावीक छोट्या हिस्स्यापलीकडे कपात करू नये, हिशेबाची एक प्रत मजुराकडे राहावी, आणि माणूस मध्येच काम सोडून गेला तर उरलेली रक्कम मालकाने सोडून द्यावी. हे शेवटचे कलम ऐकले की लोक दचकतात. पण सगळ्याचे मर्म त्याच कलमात आहे : उरलेली उचल बुडण्याचा धोका मालकाने पत्करला तर तो मुळात माणसाला डोईजड होईल एवढी उचल देणारच नाही. माझ्याकडे ही पद्धत सुरू आहे, मजुरी प्रत्येकाच्या स्वतःच्या खात्यात जाते आणि मुकादमाला त्याचा मोबदला वेगळा, व्यवसायाच्या खिशातून मिळतो. नोकरी मिळवण्यासाठी कामगाराने कोणालाही पैसे मोजू नयेत, ही भूमिका आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९७ च्या खाजगी रोजगार संस्थांविषयीच्या करारातच घेतली आहे; गावाहून माणूस आणण्याचे भाडे त्याच्याच वहीत चढवणे त्या भूमिकेला सरळ छेद देते.

‘आमचे माळी आम्हाला घरच्यासारखे आहेत’ हेही वारंवार ऐकू येते. घरच्यासारख्या माणसाचे ओळखपत्र कपाटात ठेवून घेण्याची गरज नसते आणि त्याच्या सुट्टीचा, हजेरीचा, मजुरीचा हिशेब तोंडी ठेवण्याचीही नसते.

आपल्या माणसांची चौकशी तरी आपण करू शकतो; पुरवठादारांचे काय, हा प्रश्न अधिक अवघड आहे. एका मध्यम बागेसाठी आम्ही रोपे, माती, खत, कोकोपीट, कुंड्या, विटा, दगड, हातमोजे, गणवेश, ठिबकच्या नळ्या आणि दिवे विकत घेतो, आणि यांतील प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी हातांनी बनलेली असते. सगळ्यांचा माग काढणे छोट्या व्यावसायिकाला शक्य नाही. मात्र धोका सगळीकडे सारखा नसतो, म्हणून जिथे तो सर्वाधिक आहे तिथून सुरुवात करता येते. माझ्या मते आमच्या व्यवसायात ती जागा म्हणजे दगड. राजस्थानातील बुंदी, कोटा, भिलवाडा या भागांतील वाळूखडक देशभरात तर वापरला जातोच, पण ब्रिटनसारख्या देशांतील बागांच्या पायवाटांवरही तो मोठ्या प्रमाणात अंथरलेला आहे. त्या खाणींतील अनेक कामगारांनी मालकाकडून किंवा ठेकेदाराकडून आगाऊ पैसे घेतलेले असतात. कोरड्या खडकात भोके पाडताना उडणारी धूळ वर्षानुवर्षे छातीत जाऊन सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होतो, काम करण्याची ताकद कमी होते, औषधपाण्यासाठी कर्ज वाढते आणि माणूस गेल्यावर ते कर्ज बायकोच्या किंवा मुलाच्या वाट्याला येते. या आजाराचे प्रमाण एवढे आहे की राजस्थान सरकारला २०१९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण जाहीर करावे लागले. फरसबंदीचे छोटे चौकोनी ठोकळे तर खाणीबाहेर, घरांच्या अंगणात, नगावर मजुरी घेऊन छिन्नी-हातोडीने घडवले जातात आणि त्या कामात लहान मुले असल्याचे तेथे काम करणाऱ्या संस्थांनी वेळोवेळी दाखवून दिले आहे. चारही बाजूंनी हाताने घडवलेला, किंचित ओबडधोबड ठोकळा ग्राहकाला ‘नैसर्गिक’ म्हणून आवडतो. तो घडवणारे हात किती वर्षांचे होते, हे त्या ठोकळ्यावरून कळत नाही, आणि आम्ही विचारतही नाही.

दगडाखालोखाल इतर वस्तूंचा विचार करावा. बागेतील सौरदिव्यांच्या पट्ट्यांत पॉलिसिलिकॉन हा कच्चा माल असतो आणि त्याचा मोठा पुरवठा चीनमधील शिनजियांगशी जोडलेला राहिला आहे. तेथील मालामागे सक्तीची मजुरी आहे असे गृहीत धरून अमेरिकेने २०२१ च्या कायद्याने त्याची आयात रोखली. विटा कोणत्या भट्टीतून येतात, रोपे स्वतःच्या वाफ्यातली आहेत की तिसरीकडून आणलेली, हे प्रश्न तुलनेने सोपे आहेत, कारण ती ठिकाणे आम्ही जाऊन पाहू शकतो.

पुरवठादाराला काय विचारावे, याबाबत मला एकच सुचवायचे आहे : ज्याचे उत्तर हो किंवा नाही असे देता येते तो प्रश्न विचारू नये. ‘तुमच्याकडे बालमजूर आहेत का’ या प्रश्नाला जगात कोणीही हो म्हणत नाही. त्याऐवजी हा दगड कोणत्या खाणीतला, ठोकळे कोणी आणि कोठे घडवले, मजुरी रोजावर की नगावर, ती कोणाच्या हातात पडते, माणसे कोणी आणली आणि त्यांना किती उचल दिली, असे विचारावे. ज्याला ही माहिती खरोखर आहे तो सांगतो. ज्याला नाही त्याची चलबिचल लगेच कळते आणि तीही एक माहितीच असते. पुरवठादार सुरुवातीला वैतागतात. पण एका गिऱ्हाइकाने विचारले तर वैतागणारा माणूस पाचांनी विचारले तर चौकशी करू लागतो, म्हणून हे काम बागकाम व्यावसायिकांच्या संघटनांनी एकत्रितपणे केले तर त्याचा परिणाम कितीतरी पटींनी वाढेल.

कायद्याने आम्हा छोट्यांवर हे बंधन घातलेले नाही, हे खरे. ब्रिटनचा २०१५ चा आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा वार्षिक उलाढाल ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून जास्त असलेल्या व्यवसायांकडूनच वार्षिक निवेदन मागतो. ऑस्ट्रेलियाच्या २०१८ च्या कायद्याची मर्यादा त्याहूनही वरची आहे. मात्र संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने २०११ मध्ये स्वीकारलेली व्यवसाय आणि मानवाधिकार यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे ही जबाबदारी लहानमोठ्या सर्व व्यवसायांची मानतात. कुवतीप्रमाणे उपाय लहानमोठे असतील, जबाबदारी टळत नाही. शिवाय मोठ्या कंपन्या स्वतःवरचे बंधन घोषणापत्राच्या रूपाने आमच्याकडे सरकवत आहेतच. इंटरनेटवरून उतरवलेले सहा पानी धोरण, ज्यात कंपनीचे नाव तेवढे बदललेले असते, ते त्यांना चालते. मला ते धोकादायक वाटते, कारण त्यामुळे तपासणी झाल्याचा समज पसरतो आणि प्रत्यक्षात वही कोणी उघडलेली नसते.

तपासात खरोखरच काही आढळले तर काय करावे, हे आधीच ठरवून ठेवले पाहिजे. पहिली ऊर्मी पुरवठादाराशी किंवा मुकादमाशी संबंध तोडण्याची असते. त्यात आपली सुटका होते, मजुराची होत नाही. तो त्याच कर्जासह दुसऱ्या कामावर जातो. मलेशियातील एका मोठ्या कंपनीच्या रबरी हातमोजांची आयात अमेरिकेने २०२० मध्ये रोखली, तेव्हा परदेशांतून आलेल्या कामगारांनी नोकरीसाठी दलालांना भरलेले पैसे त्या कंपनीला परत करावे लागले आणि २०२१ मध्ये ती बंदी उठली. पैसे कामगाराच्या हातात परत गेले, हे त्यातले महत्त्वाचे. आमच्या पातळीवरही क्रम तोच असावा. आधी मजुराशी, मुकादम जवळ नसताना, त्याच्या भाषेत बोलावे. त्याला काय हवे आहे ते ऐकावे. त्याची थकबाकी आणि कागदपत्रे त्याच्या ताब्यात येतील हे पाहावे. आणि त्याच्या जिवाला धोका नाही याची खात्री होईपर्यंत मुकादमाला जाब विचारायला जाऊ नये, कारण त्याचा राग मजुरावर आणि गावाकडच्या त्याच्या माणसांवर निघतो. वेठबिगारीचा स्पष्ट प्रकार असेल तर १९७६ च्या कायद्याने मुक्ततेची आणि पुनर्वसनाची जबाबदारी जिल्हा दंडाधिकाऱ्यांवर टाकली आहे, त्यांच्याकडे लेखी कळवावे. कामावर लहान मूल असेल किंवा मारहाण होत असेल तर कळवायला वेळ लावू नये.

शेवटी, हा सगळा भार फक्त आम्ही व्यावसायिकांनी उचलावा असे म्हणणे अपुरे ठरेल, म्हणून काम देणाऱ्यांविषयी लिहितो. सर्वांत कमी दराची निविदा मंजूर करणारी गृहनिर्माण संस्था, कंपनी किंवा पालिका जेव्हा एवढ्या माणसांच्या किमान वेतनाची बेरीजही ज्यात बसत नाही असा दर स्वीकारते, तेव्हा तो दर कोणाच्या तरी मजुरीतून भरून निघणार हे तिला आकडेमोड करून कळू शकते. तितकेच नुकसान उशिरा मिळणाऱ्या देयकांनी होते. आमचे बिल तीन-तीन महिने अडकले की ठेकेदार मुकादमाला थांबवतो, मुकादम मजुराला थांबवतो, आणि घर चालवण्यासाठी मजूर त्याच मुकादमाकडून उचल घेतो. मजुरी थकणे आणि कर्ज चढणे या दोन गोष्टी अशा एकाच टेबलावरून सुरू होतात. घोषणापत्र मागणाऱ्या प्रत्येक संस्थेला माझी विनंती आहे की, त्यांनी निविदेत मजुरीचा खर्च साहित्यापासून वेगळा दाखवायला सांगावा, किमान वेतनाखाली जाणारी निविदा बाद करावी, मजुरी प्रत्येकाच्या खात्यात जमा झाल्याचा पुरावा दर महिन्याला मागावा, आणि आमची देयके तीस दिवसांत चुकती करण्याचे कलम त्याच करारात घालून ते पाळावे.

आपला विश्वासू,
बागकाम व्यवसायातील एक वाचक